तीस इंचांचा माणूस

कॉरिडॉर सात पावलांनी वाढला होता. हे त्याने आधी मान्यच केलं नाही. आपल्या खोलीच्या दारापासून सभागृहाच्या दारापर्यंत एकशे चौसष्ट पावलं, हे त्याला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं ठाऊक होतं. जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने ठोकून दिली होती. एकशे चौसष्ट त्याने स्वतः मोजली होती, चार वर्षं, अधिवेशनाच्या प्रत्येक सकाळी. मग फरश्या बदलायच्या म्हणून हा मजला दोन वर्षं बंद राहिला आणि सगळे आमदार मागच्या लिफ्टने, एकमेकांच्या पोटांना पोटं लावून, वरखाली करत राहिले. आज सकाळी मजला उघडला. नवी फरशी, नवे दिवे, भिंतींना ओल्या रंगाचा वास. तो खोलीतून निघाला, कुणाच्या नमस्काराला मान हलवत, आतल्या आत मोजत, आणि सभागृहाच्या दाराला हात लावला तेव्हा आकडा एकशे एकाहत्तर होता. तो तसाच मागे फिरला. परत एकशे एकाहत्तर. तिसऱ्यांदा त्याने छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला, जणू वजनाने फरक पडत होता. एकशे एकाहत्तर.

दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई हे सगळं शांतपणे पाहत होता. तीस वर्षं तो त्या स्टुलावर होता. त्याने सात सरकारं आत सोडली होती आणि सात बाहेर.

"काय रे, दुरुस्तीत हा कॉरिडॉर वाढवला का?"

"वाढवणार कुठे, साहेब? त्या टोकाला मुतारी आहे, ह्या टोकाला राज्य."

"आणि फरशी? फरशी केवढी आहे?"

"दोन फुटी. खोक्यांवर छापलं होतं. खोकी मीच भंगारात घातली."

मग त्याने फरश्या मोजल्या. दोनशे पाच. म्हणजे चारशेदहा फूट. म्हणजे अडीच फुटांच्या पावलाने बरोबर एकशे चौसष्ट. कॉरिडॉर आपल्या जागी होता, एक सूतही, इंचाचा आठवा भागही, हललेला नव्हता. उलट त्याला आठवलं की काम सुरू होण्याआधी बांधकाम खात्याचा कारकून त्याच्याच खोलीत आला होता आणि टेप आणायचा कंटाळा करून म्हणाला होता, "दादा, तुम्हीच सांगा ना किती आहे." तो म्हणाला होता चारशेदहा. त्या शब्दावर फरशी मागवली गेली, आणि एकही फरशी कापावी लागली नाही, उरली नाही, कमी पडली नाही. तो खाली बघून क्षणभर सुखावला. संपूर्ण मजला त्याच्या पायाखाली त्याच्याच पायाची साक्ष देत पसरला होता. आणि त्याच क्षणी हीच फरशी, दोनशे पाच तोंडांनी, त्याला खोटं ठरवत होती. चारशेदहा फुटांचे इंच किती, त्याला एकशे एकाहत्तरने भाग दिला तर किती, हे त्याने उभ्या उभ्या मनात केलं. आकडेमोडीला तो कधी अडला नाही. पावणेएकोणतीस. सव्वा इंच गेला होता. कुठे गेला, कधी गेला, जाताना सांगून का नाही गेला, काही कळेना.

तेव्हा त्याचं लक्ष खिडकीखालच्या बाकाकडे गेलं. बाकावर एक बाई मांडीवर फाइल घेऊन बसली होती. पस्तिशीची, साधे कपडे, पायात चिखलात चालायचे बूट. त्याच्या तीनही फेऱ्या तिने पाहिल्या होत्या. दुसऱ्या फेरीला त्याचा मार्ग मोकळा राहावा म्हणून तिने पाय बाकाखाली ओढून घेतले होते, हे त्याला आत्ता आठवलं. ती कालव्यावरची इंजिनियर होती. आज बारा वाजता तिला नोकरीतून काढून टाकल्याचं सभागृहात जाहीर होणार होतं, आणि त्या घोषणेचं स्वागत करायला पक्षाने त्याला दोन वाक्यं दिली होती. त्याने नजर चोरली, आणि नजर चोरण्याची सवय नसल्यामुळे ती नेमकी कुठे ठेवावी हे न कळून त्याने ती घड्याळावर ठेवली. पावणेदहा.

खोलीत येऊन त्याने दार लावलं आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिला. खोली चार पावलं बाय पाच. निदान काल तरी होती. त्याने पायांकडे पाहिलं. पाय तसेच होते, तेच बूट, तोच तळवा, डाव्या पायाच्या अंगठ्याचं वाकडं नख. याच पायांना बापाने बाराव्या वर्षी दोरी बांधली होती. बापाचा एक पाय अधू होता. पावलं लहानमोठी पडायची, आणि त्याने पावलांनी मोजून लावलेली लिंबाची बाग टेकडीवरून पाहिली तर चंद्रकोरीसारखी दिसायची. टेकडीवर बसून गुरं राखणारे लोक तिला बघून हसत, आणि ते हसू वाऱ्याबरोबर खाली घरापर्यंत येई. बापाने ते हसू दहा वर्षं ऐकलं. मग एक दिवस पोराला अंगणात उभं केलं, दोन्ही घोट्यांना दोरी बांधली, मध्ये बरोबर तीस इंच, आणि म्हणाला, "ताणली गेली पाहिजे. तुटली नाही पाहिजे." एवढंच. बाप जास्त बोलणारा नव्हता. बोलण्यातही त्याची पावलं लहानमोठी पडत. दोन वर्षं तो तसा चालला. शेतात, विहिरीवर, शाळेत. पोरं त्याला दावं लावलेलं गाढव म्हणत. मास्तर एकदा म्हणाले, निदान परीक्षेला तरी सोडून ये, तर तो म्हणाला, परीक्षा हातानं लिहायची आहे. दोरी सुटली त्या दिवशी तो बांधावरून धावत सुटायला निघाला आणि त्याच्या लक्षात आलं की पाय तीस इंचांवर आपोआप थांबतात. दोरी आत गेली होती. त्याला वाईट वाटलं नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याजवळ असं काही आहे जे गावात कुणाजवळ नाही.

सरळ बाग लावली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सहा पावलांवर एक झाड, सहाशे फुटांची ओळ, एकेचाळीस झाडं. टेकडीवरचे लोक हसायला बसले आणि तसेच बसून राहिले. दुसऱ्या वर्षी बांधावरून दोन भाऊ विळे घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. मोजणीवाला तालुक्याहून यायला महिना, विळे मात्र आत्ताच बाहेर. कुणीतरी म्हणालं, त्या दोरीवाल्याला बोलवा. तो आला, कुणाकडेही न बघता दगडापासून निघाला, अठ्ठ्याऐंशी पावलं चालला आणि थांबला. "इथे." धाकटा म्हणाला, "एवढं नक्की कशावरून?" थोरला म्हणाला, "अरे, त्याला दोन वर्षं गुरासारखं बांधलं होतं, तो खोटं कसं चालेल?" हा युक्तिवाद सगळ्यांना पटला. विळे गवत कापायला परत गेले. मग चार गावांचे बांध, मग विहिरींतली अंतरं, मग नव्या शाळेचं मैदान. तो कुणाच्या घरचं पाणीसुद्धा न पिता चालायचा आणि "इथे" म्हणायचा. त्या एका शब्दावर तो पंच झाला, सरपंच झाला, जिल्ह्याच्या मंडळावर गेला आणि शेवटी राज्याच्या सभागृहात. त्याने प्रचारात भाषण असं कधी केलंच नाही. तो नुसता गावाच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालायचा आणि शेवटी लोकांना सांगायचा की तुमचा रस्ता कागदावर दोन हजार फूट आहे आणि पायाखाली अठराशे. लोक मतं द्यायचे. इतर पुढारी स्वर्ग कबूल करत. हा आहे तेवढंच सांगायचा, आणि त्याची लोकांना इतकी सवय नव्हती की त्यांना ती जादू वाटायची. त्याचं नाव मागे पडलं, सगळे त्याला टेपदादा म्हणू लागले. जिल्ह्याच्या नव्या इमारतीत उंबऱ्याशी पितळेची तीस इंची पट्टी बसवली आणि खाली कोरलं: हे एक पाऊल. उद्घाटन त्याच्याच हस्ते, म्हणजे पायाने झालं. त्याने पट्टीच्या एका टोकाशी उजवा पाय ठेवला, डावा टाकला. बोट बरोबर टोकावर. टाळ्या. त्याला आत्ता वाटलं, आज जर आपण तिथे गेलो तर स्वतःच्याच पितळेला सव्वा इंच कमी पडू. जिवंत असताना माणसाचं स्मारक झालं की ही अडचण होते. माणूस झिजतो, पितळ झिजत नाही.

पण कधी? हा प्रश्न उरला होता. काल रात्री आखूड झालं असेल तर काही बिघडलं नव्हतं. वर्षापूर्वी झालं असेल तर? त्याने बायकोला फोन लावला. ती शेतावरच होती. ती नेहमी शेतावरच असायची. तो राजधानीत राज्य सांभाळायचा आणि ती सगळं सांभाळायची.

"काय हो, इतक्या सकाळी? सरकार पडलं का?"

"नाही. एक विचारायचं होतं. माझं पाऊल आखूड झालंय असं तुला वाटतं का?"

पलीकडे पाण्याच्या पंपाचा आवाज होता. तिने तो बंद केला असावा, कारण मग एकदम शांत झालं.

"दोन वर्षं झाली त्याला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? चाळीस वर्षं तुम्ही माझ्या पुढे चार हात चालायचात. मी मागून तुमची पाठ बघायची. दोन वर्षांपूर्वी एकदम माझ्या बरोबरीनं चालायला लागलात. मला वाटलं सुधारलात."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मागच्या वर्षी सहा ओळी नवी लिंबं लावलीत ना, तेव्हाच खात्री झाली," ती म्हणाली. "प्रत्येक ओळीत एक झाड जास्त बसलं. शेवटी सहा रोपं कमी पडली. तुम्ही त्या रोपवाटिकेवाल्या बिचाऱ्याला फोनवर चोर म्हणालात."

"मोजून दिली होती त्यानं?"

"मोजूनच दिली होती. मी नंतर त्याला डबाभर लोणचं पाठवलं. तुमच्या नावानं."

"माझ्या नावानं कशाला?"

"मग काय, पायाच्या नावानं पाठवू?" ती हसली, आणि मग हसू थांबवून म्हणाली, "का हो, काय झालं?"

त्याने काही नाही म्हणून फोन ठेवला. पण काय झालं ते आता फळ्यावर लिहिल्यासारखं समोर होतं. कालवा मागच्या वर्षीचा. त्या वेळी सव्वा इंच जाऊन बरेच महिने झाले होते. गावातल्या एका मावशीच्या शेतातून कालवा गेला. मावशी एकटी, ऐंशीला टेकलेली, आणि तिला कुणीतरी सांगितलं की कागदावर कालवा तुझ्या रानात सव्वासहाशे फूट दाखवलाय पण खणलाय जास्त, वरची जमीन पैसे न देताच गिळली. ती त्याच्याकडे आली. तो गेला. दोनशे माणसं गोळा झाली होती, झाडांवरसुद्धा. सव्वासहाशे फूट म्हणजे अडीचशे पावलं. तो कालव्याच्या काठाने चालला, आणि दुसऱ्या टोकाला पोचला तेव्हा दोनशे साठ. दहा पावलं जास्त. पंचवीस फूट. गर्दीतून असा काही आवाज आला की पाखरं उठली. आज बाकावर बसलेली ही इंजिनियर बाई तिथेच होती, हातात टेप धरून. ती म्हणाली, "आपण टेप लावू या ना. दहा मिनिटांचं काम आहे." लोक तिच्यावर हसले. टेपदादाला टेप! मग ती त्याच्याजवळ आली आणि अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "काका, तुम्ही तुमचं पाऊल कधी मोजलंय?" त्या वाक्याने तो आतून पेटला होता. इतका, की त्याला ते आजही शब्दशः पाठ होतं. त्याने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "पोरी, तुझा टेप कारखान्यात बनला. माझं पाऊल बापानं बनवलंय." केवढ्या टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी कालव्यात पाणी सुटलं आणि मोजायचं राहूनच गेलं.

मग सभागृहात तो उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, पंचवीस फूट कुठे गेले?" एवढंच. ते वाक्य त्याच्यापेक्षा जास्त फिरलं. भिंतींवर रंगलं, ट्रकच्या पाठीवर गेलं. एका न्हाव्याने दुकानाला नाव दिलं. चौकशी अधिकारी नेमला गेला, आणि त्याने अहवालात लिहिलं की माननीय सदस्यांच्या पावलाची सर्वमान्य ख्याती लक्षात घेता फेरमोजणीची आवश्यकता वाटत नाही व दोष संबंधित इंजिनियरचा आहे. तो अहवाल वाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अभिमानाने. राज्याने लेखी कबूल केलं होतं की त्याचा पाय टेपपेक्षा मोठा आहे. आता खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने तोच हिशोब उलटा केला. सव्वासहाशे फूट भागिले पावणेएकोणतीस इंच. दोनशे साठ, आणि वर पाऊणहून थोडं जास्त. जुळलं. इतकं नीट जुळलं की त्याला किंचित आनंदच झाला, जसा कुणाचाही हिशोब जुळला की त्याला होत असे, आणि त्या आनंदाची लाज वाटायला मग दोन क्षण लागले. जमीन कुणीच गिळली नव्हती. पंचवीस फूट त्याच्या पायात होते. तो ते वर्षभर बुटात घालून राज्यभर फिरत होता आणि लोकांना विचारत होता, कुठे गेले.

दार वाजलं आणि प्रतोद आत आले. प्रतोद म्हणजे पक्षाच्या आमदारांना हाकणारा माणूस. हे गोल, गुळगुळीत आणि कायम घाईत असत. "दादा, बारा वाजता. दोनच वाक्यं. पंचवीस फूट कुठे गेले, आणि कारवाईचं स्वागत. टाळ्यांचं आम्ही बघतो."

"पंचवीस फूट सापडले," तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने पाय थोडा पुढे केला. प्रतोदांनी पायाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पायाकडे, जसं एखाद्या नवख्या आमदाराकडे पाहावं. त्याने सगळं सांगितलं. फरशी, लिंबं, दोनशे साठ.

"म्हणजे किती कमी झालं?"

"सव्वा इंच."

"दादा," प्रतोद खुर्चीत बसले आणि आवाज मऊ केला, "सव्वा इंच हा काय आकडा आहे का? माझं पोट निवडणुकीपासून सहा इंच वाढलंय, मी केलंय का निवेदन? तुमचा पाय तुमची खाजगी बाब आहे. सभागृहापुढे फक्त पंचवीस फूट आहेत. ते राहू द्या ना तिथेच. कुणाला त्रास देतायत?"

"तिला देतायत."

"तिला दुसरी नोकरी मिळेल. इंजिनियर आहे. तुम्हाला दुसरा पाय मिळणार आहे का?" ते उठले. दाराशी वळून म्हणाले, "विचार करा. ह्या पायावर नुसते तुम्ही उभे नाही. चार मतदारसंघ उभे आहेत."

ते खरं होतं, म्हणून ते बोचलं. तो खिडकीशी गेला. खाली रस्ता ओलांडून माणसं कामाला निघाली होती, प्रत्येक जण आपापल्या पावलाने, कुणाचं लांब, कुणाचं तोकडं, एकाचंही मापात नाही, आणि सगळी वेळेवर पोचत होती. त्याला त्यांचा हेवा वाटला नाही; कीव वाटली. किती पावलं टाकली हे माहीत नसताना माणूस पोचला असं म्हणायचं तरी कसं? त्याच्या मनात आलं, बोललो नाही तर काय होईल. काहीच नाही. कुणी त्याचं पाऊल मोजणार नव्हतं. सगळं राज्य मोजणं सोडून त्याच्यावर विसंबलं होतं. तो मरेपर्यंत "इथे" म्हणत राहील, आणि "इथे" दर वर्षी थोडं अलीकडे येत जाईल, बांध सरकत जातील, राज्य हळूहळू आक्रसत जाईल, आणि लोक टाळ्या वाजवतील. आणि बोललो तर? तर टेपदादा संपला. मग तो एक साठी उलटलेला लिंबांचा शेतकरी, गुडघे जरा आखडलेला, ज्याला दोन वर्षं आपण आखूड चालतोय हे बायकोने सांगावं लागलं. मावशीला जाऊन सांगावं लागेल की तुझं काही गेलं नव्हतं. तिचा चेहरा त्याला दिसला. वर्षभर ती लोकांना सांगत आली होती की सरकारने माझे पंचवीस फूट खाल्ले. तिच्या आयुष्यात तेवढंच काय ते मोठं घडलं होतं. मग दोन विळेवाले भाऊ दिसले, आता दोघेही म्हातारे. ते तेव्हा कशावर विसंबले होते? त्याच्या पायावर नव्हे. पायाला दोरी बांधली होती यावर. तो खोटं चालू शकत नाही यावर. पाय आखूड होतो, गुडघे आखडतात, ते काय, शरीर आहे. पण ठाऊक असूनही तीस म्हणायचं, म्हणजे दोरी स्वतःच कापायची. तो ताठ झाला. छाती भरून आली, आणि ती भीतीने भरली आहे की आणखी कशाने, हे त्याने मोजलं नाही.

बारा वाजता सभागृह भरलेलं होतं. मंत्र्यांनी कारवाईचा कागद वाचला. अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं. तो उठला तसा त्याच्या बाजूचे लोक हात टाळीच्या तयारीत घेऊन बसले, आणि प्रतोद छताकडे बघू लागले.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "पंचवीस फूट माझ्याकडे आहेत."

अर्ध्या लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग थांबवल्या. त्याने कागद न बघता सगळं सांगितलं, आकड्यांसकट, बांधावर बोलल्यासारखं, चढ-उतार न करता. कालवा सव्वासहाशेच आहे. त्या बाईंचा टेप बरोबर होता. माझं पाऊल तीस इंच नाही, पावणेएकोणतीस आहे, आणि मी ते तपासलं नाही, त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं तरी. कारवाई करायची तर चुकीची मोजणी माझी आहे.

समोरच्या बाकांवरून एक जण ओरडला, "मग पायावर करा कारवाई!" दुसरा उठून म्हणाला की सदस्यांच्या पायाने सभागृहाची दिशाभूल केली असल्याने पायावर हक्कभंग दाखल करावा, उजव्या की डाव्या ते समिती ठरवेल. हसण्याने दिवे हलतील असं वाटलं. त्याच्याच बाजूचा एक आमदार कळवळून म्हणाला की दादांचं पाऊल आखूड झालेलं नाही, इंच मोठा झाला असावा, महागाई सगळीकडे आहे. अध्यक्षांनी हातोडा आपटला, अंगठ्याने चष्मा सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचं पाऊल सव्वा इंचाने कमी झाल्याची नोंद घेण्यात येत आहे." मंत्री कुजबुजले, फायली हलल्या. कारवाई थांबवण्यात येत आहे, फेरमोजणी होईल, संबंधित अधिकारी कामावर राहतील. तो उभाच होता. हसू त्याच्या अंगावरून जात होतं, टेकडीवरून यायचं तसंच, पण आज ते ऐकताना त्याला मान खाली घालावीशी वाटली नाही. सभागृहात इतकी वर्षं काढली, कुणीही आपल्याच तोंडाने आपला इंच कमी केलेला त्याने पाहिला नव्हता. आपण पहिले. तो बसला तेव्हा बाक करकरलं नाही, इतका तो हलका झाला होता. किंवा प्रतोद शेजारून उठून गेले होते म्हणूनही असेल.

बाहेर आला तेव्हा ती बाकाजवळ उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आली होती. शिपायाने दिली असणार, तो स्टुलावरच नव्हता. ती म्हणाली, "साहेब..." आणि हातातली फाइल उगाच बंद केली.

"तेव्हा काका म्हणाली होतीस."

"तेव्हा नोकरी होती."

"आताही आहे. टेप आहे का जवळ?"

"टेप नेहमीच असतो."

"मग मोज. तू विचारलं होतंस ना. उत्तर देतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, तो थट्टा करत नाहीये याची खात्री केली आणि पिशवीतून टेप आणि पेन्सिल काढली. तो भिंतीशी उभा राहिला. आजवर त्याने शेकडो लोकांसमोर पावलं टाकली होती, पण पाय कुणाला मोजायला दिले नव्हते. बापानेही दोरी मोजली होती, पाऊल नव्हतं मोजलं. तो चालला. दहा पावलं, ती वाकून प्रत्येक पावलाच्या टोकाशी नव्या फरशीवर बारीक रेघ मारत मागून येत होती. आत पुढारी, दारात वार्ताहर, कुणीतरी फोन उंच धरला होता. मग ती गुडघ्यांवर बसली आणि रेघेपासून रेघेपर्यंत टेप लावू लागली.

"पावणेएकोणतीस."

"पुढे."

"पावणेएकोणतीस." ती सरकली. "पावणेएकोणतीस. हेही." ती आणखी सरकली, टेप चिमटीत घट्ट धरून, डोळा रेघेच्या इतका जवळ नेऊन की केस फरशीला लागले. सातव्या पावलाला ती थांबली, पुन्हा मोजलं. आठवं. नववं. दहावं. मग ती टाचांवर मागे बसली आणि वर बघत म्हणाली, आणि तिच्या आवाजातला इंजिनियर तिच्यातल्या सुटलेल्या माणसापेक्षा जास्त चकित झाला होता, "काका, दहाच्या दहा सारखी आहेत. एका सुताचा फरक नाही."

त्याने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त वार्ताहराकडे वळून विचारलं, "ऐकलंत ना?" आणि मग, ते पुरेसं वाटलं नाही म्हणून, "सूत कळतं ना किती असतं?"

ती उठून गुडघे झाडत होती. तो म्हणाला, "उद्या मावशीकडे जायचंय. म्हातारी चिडणार आहे, मी तिचे पंचवीस फूट परत नेतोय म्हणून. तू चल. पाणी सध्या बंद आहे, तू टेप धर काठानं, मी शेजारून चालतो. पावणेएकोणतीसनं."

"आणि फरक आला तर?"

"तर सांग."

"नाही आला तर?"

"तर मोठ्यानं सांग," तो म्हणाला. "झाडावरच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे."